पुठ्ठ्याचा आडोसा

आत्याबाई, मी जर्मनीत आहे. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मध्येच 'कुठं म्हणालीस?' करणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू नुकता पाटी घेऊन शाळेत जायला लागला होता. तो आता डार्मश्टाट नावाच्या गावात इंजिनीयर आहे, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. केस विरळ झालेत आणि मला ओरडायलाही शिकला आहे, तुमचा मुलगा कधी ओरडला नाही त्याची भरपाई. हे गेल्यावर गावचं घर कुलूप लावून त्याने मला इकडे आणलं. इथे राहण्याचं कार्ड मिळवायला कचेरीत किती खेटे घातले ते त्यालाच माहीत; म्हणून मी इथल्या थंडीची तक्रार करत नाही, निदान त्याच्यासमोर करत नाही.

हे पत्र मी लिहीत नाही, सांगते आहे. लिहिते आहे माझी सून. पुण्याची आहे, औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत असते, अक्षर चांगलं आहे असं ती स्वतःच म्हणते आणि मला मान्य करण्यावाचून इलाज नाही. आज रविवार, बापलेक पोहायला गेलेत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिला बसवलं आहे. मला अक्षर तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. अंक येतात. नोटा, बस, फोन, भाव, सगळं आयुष्य मी अंकांवर काढलं. अक्षरांसाठी मात्र कुणाचा तरी हात धरावा लागतो आणि मग त्या हाताने काय लिहिलं ते त्या हातालाच ठाऊक. आत्ता मी 'सून गुणाची आहे' असं सांगितलं तर ही ते दोनदा लिहील. हसते आहे बघा.

तर झालं असं, गेल्या शरदात माझ्या नावाचं टपाल आलं. इथे पेटीत रोज टपाल पडतं, पण ते मुलाचं, सुनेचं, नाहीतर पिझ्झेवाल्याचं. मी दुपारी खाली जाऊन ते आणते, कारण दिवसभरात जिना उतरायला तेवढंच निमित्त. पूर्वी नातीला शाळेतून आणायला जायची. आता ती मोठी झाली, एकटी येते, आणि वाटेत मैत्रिणींनी आजीबरोबर बघितलेलं तिला चालत नाही. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, दोघींनाही थोडं थोडं कळतं. उरलेलं सोडून देतो. तर ते पाकीट मुलाने संध्याकाळी फोडलं आणि म्हणाला, "आई, तुला मत द्यायचं आहे."

मला वाटलं, भारतातलं. तो म्हणाला, नाही, इथलं. देश चालवायला परक्या माणसांची मतं हे लोक घेत नाहीत, पण गावात राहणाऱ्या परदेशी माणसांची म्हणून एक समिती असते, तिच्यासाठी घेतात. मी विचारलं, ही समिती करते काय. तो म्हणाला, "नगरपालिकेला सल्ला देते. परदेशी लोकांच्या अडचणी सांगते. ठरवत काही नाही, पण तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं."

"म्हणजे घरातल्या म्हातारीसारखं," मी म्हटलं. "विचारायचं, मान हलवायची आणि करायचं ते करायचं."

"आई, प्लीज," तो म्हणाला. सून ओट्याकडे तोंड करून हसत होती.

मग नमुन्याची मतपत्रिका आली. आत्याबाई, तुम्ही ती बघितली असती तर टेबलावरून खालीच टाकली असती. केवढी मोठी, आणि तिच्यावर एकही चित्र नाही. छत्री नाही, कपबशी नाही, शिडी नाही. नुसती नावं, मुंग्यांच्या रांगा लागल्यासारखी. प्रत्येक गटाच्या डोक्यावर एक अंक आणि एक गोल, एवढीच काय ती माणुसकी. मुलाने जेवणाच्या टेबलावर ती पसरली आणि एकेक गट समजावला: ह्या गटात अमक्या देशाचे लोक, हा सगळ्यांचा मिळून, हा विद्यापीठातल्या पोरांचा, आणि ह्या गटात आपला एक माणूस आहे, गणपतीला भेटतो ना, तो चष्मेवाला, त्याला द्यायचं. मी म्हटलं बरं. मग म्हणाला, "ज्याला द्यायचं त्याच्या गोलात फुली मार. करून दाखव."

त्याने पेन दिलं. पेन मी आयुष्यात धरलं नव्हतं, पण रांगोळीने हात तयार होता. मी सावकाश एकेका गोलात फुली काढली आणि एक गोल रिकामा ठेवला. माझ्या मते चोख काम झालं होतं. मुलगा बघतच राहिला. मग त्याला जे हसू फुटलं, त्याला ठसका लागेपर्यंत. आपल्याकडे गणित चुकलं की मास्तर फुली मारतात, रेशनच्या यादीतून नाव गेलं की फुली, पाडायच्या भिंतीवर फुली. नको त्याच्यावर फुली मारायची, हे मला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. ह्या लोकांत जो हवा त्याच्यावर फुली मारतात. मी म्हटलं, "मग नको असलेल्यांना काय करतात, हळदीकुंकू?"

पण त्या फुल्यांनी माझा घात केला. मुलाने लगेच निर्णय दिला: आई केंद्रावर जाऊन गोंधळ करणार, मत बाद होणार, त्यापेक्षा टपालाने. त्याला इथे ब्रीफवाल म्हणतात. अर्ज केला की खरी पत्रिका घरी येते, आपण भरायची, एका पाकिटात घालायची, ते पाकीट दुसऱ्यात, आणि टाकायचं पेटीत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने भरली तरी चालते. भरणाऱ्याने फक्त शपथेवर सही करायची, की हिने सांगितलं तसंच मी भरलं. "मी सही करतो, पाच मिनिटांचं काम," तो म्हणाला. "तू इथेच बस, चहा पी, नंबर सांग."

त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मी तुम्हाला आधी सांगते. तो मला फसवणार नव्हता. मी सांगेन तिथेच त्याने फुली मारली असती, मनाविरुद्ध असली तरी. पण त्याला कळलं असतं, आत्याबाई. मी सांगेपर्यंत तो पेन हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत बसला असता, आणि तसं कुणी बघत बसलं की मी त्याला आवडेल तेच बोलते. मी त्याच्या घरात राहते, त्याने आणलेलं खाते, त्याच्या कार्डावर डॉक्टरकडे जाते. "तुझा चष्मेवाला सोडून दुसरा" हे त्याच्या टेबलावर, त्याच्या पेनाने, मला म्हणता आलं नसतं. म्हणायचं होतं की नव्हतं, ते वेगळं.

मला तेव्हा आपली ती सकाळ आठवली. माझं पहिलंच मत. मामंजींनी आदल्या रात्री सगळ्यांना जेवताना सांगितलं होतं, शिक्का छत्रीवर मारायचा. घरातल्या बायकांना वेगळं सांगावं लागतं असं कुणाच्या मनातही नव्हतं. म्हशींना पाणी दाखवा, तसं सांगितलं. आपण चुलत्यांकडच्या बायकांबरोबर शाळेत गेलो. तुम्ही हिरवं लुगडं नेसला होतात, आणि पदर असा ओढून घेतला होता की यादी घेऊन बसलेला साहेब म्हणाला, "बाई, तोंड दिसू द्या." तुम्ही म्हणालात, "मत तोंडानं देत्यात व्हय?" त्याने नवऱ्याचं नाव विचारलं. ते आपण घेत नाही, म्हणून आपण दोघी गप्प, आणि शेवटी रांगेतल्या शिंपिणीने आपल्या दोघींच्या नवऱ्यांची नावं सांगितली. मी शिक्का मारून बाहेर आले आणि अंगणातच, सगळ्यांसमोर, "मी छत्रीवर मारला" म्हणून मोकळी झाले. तुम्ही दंडाला असा चिमटा काढलात की निळं पडलं.

घरी आल्यावर, चुलीपाशी, मी भाकरी थापत होते तेव्हा बोललात. "दवंडी कशाला पिटतीस? बाईला दोनच आडोसं असत्यात. एक न्हाणीचा आन् एक ह्यो. न्हाणीचा रोज मिळतो, ह्यो पाच वर्सांनी. तिथं बी समद्यांना आत घेतीस व्हय?" मी विचारलं, म्हणजे तुम्ही छत्रीवर नाही मारला? तुम्ही माझ्या हातातली भाकरी काढून घेतलीत, तव्यावर टाकलीत आणि म्हणालात, "काठ जाड ऱ्हायला." संध्याकाळी मामंजींनी विचारलं तर चेहऱ्यावरची रेघ न हलवता, "तुमी सांगितलं त्येच." तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी रात्रंदिवस पायाशी होते, अंघोळी घातल्या, सगळं केलं, आणि तरी ते मला सांगितलं नाहीत. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, अंगावर एवढी तरी गोष्ट झाकलेली राहू दिलीत, बरं केलंत.

तर मी मुलाला म्हटलं, मी केंद्रावर जाणार. तो म्हणाला, "आई, मतदान रविवारी आहे, आणि त्या दिवशी आपल्याला एश्बॉर्नला जायचं आहे." तिथे त्याचा मित्र राहतो, त्याच्या मुलाचा वाढदिवस होता. मी म्हटलं, तुम्ही जा, मी राहते. "एकटी?" मी म्हटलं, रोज काय पलटण असते माझ्याबरोबर? ते त्याला लागलं. त्याला लागावं असं मला वाटलं नव्हतं, पण तोंडातून गेलं. मग तो ओरडला, म्हणजे त्याच्या मानाने. थंडी आहे, घसरशील, भाषा येत नाही, तिथे कोण मदत करणार, आणि एवढं काय आहे त्या मतात, सगळं गाव तरी जातं का द्यायला. आणि मग जे म्हणाला ते अगदी शांतपणे म्हणाला, "माझ्यापासून काय लपवायचं आहे तुला?"

काहीच लपवायचं नव्हतं, हेच खरं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, आत्याबाई. औषधाच्या गोळ्या कुणी मोजाव्या, पोट साफ झालं का हे कुणी विचारावं, सगळं त्यांच्या हातात, आणि ते प्रेमानेच करतात. मी नुसती म्हणाले, "मला जायचंय." सून तेव्हा भांडी लावत होती. मागे न वळता म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्यांना. शाळा तीच आहे, आपल्या पिल्लूची. रस्ता त्यांना आपल्यापेक्षा पाठ आहे." हे लिहायला ही आता लाजते आहे. लिही गं, खोटं नाही ना?

रविवारी सकाळी ते गाडीतून गेले आणि मी कोट, टोपी, मोजे असा सगळा बाजार अंगावर चढवून निघाले. पासपोर्ट आणि टपालाने आलेलं ते मताचं कार्ड पोटाशी धरलं होतं. रस्त्यात कुणी नाही. इथे रविवारी गाव असं पडलेलं असतं की सुतक आहे का वाटावं. एक कुत्रं आणि त्याला धरून चाललेले एक आजोबा, "मोर्गन" म्हणाले, म्हणजे इथला रामराम, मी "मोर्गन" म्हटलं. घरचे गेल्यानंतरचं माझं पहिलं बोलणं ते. शाळेच्या फाटकापाशी आल्यावर पाय आपोआप त्या भिंतीकडे गेले, जिथे मी नातीची वाट बघत उभी राहायची. तिथे आता सायकली लावायचं लोखंड ठोकलं आहे.

आत एका खोलीत दोन बाया आणि एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मतपेटी, थर्मास आणि केकचा डबा घेऊन. मत द्यायला आलेलं दुसरं कुणी नाही. मला बघून तिघंही इतके खूश झाले की मला वाटलं मीच उभी आहे निवडणुकीला. गृहस्थांनी पासपोर्ट उघडला आणि माझं नाव मोठ्याने वाचलं, पुरतं, मधल्या नावासकट. मधलं नाव म्हणजे ह्यांचं. आत्याबाई, तुमच्या मुलाचं नाव किती वर्षांत माझ्यासमोर कुणी असं मोठ्याने घेतलं नव्हतं. घरी 'बाबा', 'आजोबा', नाहीतर 'ते'. त्या गृहस्थांनी ते इतकं वाकडंतिकडं करून घेतलं की ऐकून ह्यांनाही हसू आलं असतं. मी "जा, जा" म्हटलं. इथे हो म्हणायला जा म्हणतात.

त्यांनी यादीत खूण केली, आणि मी डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

शाईसाठी. इतकी वर्षं हेच करत आले, हात आपोआप गेला. ते बोटाकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. बोट आणखी पुढे केलं, म्हटलं नजर कमी असेल. त्यांनी बायांना काहीतरी विचारलं. एकीने वाकून बोट नीट बघितलं, दाबून बघितलं, चुकचुकली, पर्समधून चिकटपट्टी काढली आणि माझ्या बोटाला अशी नाजूक गुंडाळली, जशी लेकीला गुंडाळावी. मी काय सांगणार? शाई म्हणजे काय ते मला जर्मनमध्ये येत नाही, आणि खरं सांगायचं तर तिने हात धरला होता तो मला लगेच सोडवून घ्यावासा वाटला नाही. आभार मानायला डांकं म्हटलं. मग त्यांनी पत्रिका दिली आणि मदत हवी का विचारलं. तेवढं मला डॉक्टरकडे ऐकून कळतं. मी म्हटलं, नाइन, म्हणजे नको.

आडोसा म्हणजे टेबलावर उभा केलेला पुठ्ठा, तीन बाजूंनी. आपल्या शाळेत गोणपाट होतं, आठवतं? त्या पुठ्ठ्यामागे मी खुर्चीवर बसले. अंक शोधला. फुली हव्या त्याच्यावर, असं स्वतःला दोनदा बजावलं. मग मारली. रेघ जरा हलली, पण गोलाच्या आत राहिली. काम संपलं होतं, उठायचं होतं, आणि मी उठले नाही. बरं वाटत होतं तिथे. घरी मी दिवसभर एकटी असते, पण तो एकटेपणा कुणीतरी माझ्यावर टाकलेला असतो, ते गेले म्हणून उरलेला. इथे मी एकटी होते कारण तसा नियम होता, आणि पलीकडे तीन माणसं तो माझ्यासाठी राखत बसली होती. असं वाटलं की तुम्हीही अशाच बसला असाल गोणपाटामागे, साहेब खाकरेपर्यंत. इथले म्हातारे गृहस्थही शेवटी खाकरले. मी घडी घातली, पेटीत टाकली. त्यांनी केकचा तुकडा कागदात गुंडाळून दिला.

घरी येऊन मी जेवले नाही, केक खाल्ला. मग संध्याकाळपर्यंत तयारी करत बसले. म्हणजे मनात. तो विचारेल, "कुणाला दिलंस?" मी म्हणेन, "तुला काय करायचं आहे?" तो म्हणेल, "सांग ना." मी म्हणेन, "ते विचारत नसतात." नात विचारेल, तिला म्हणेन, मोठी झाल्यावर सांगेन. सून विचारणार नाही, पण चहा देताना रेंगाळेल. सगळ्यांना पुरतील एवढी उत्तरं मी करून ठेवली होती, एकाहून एक खोचक.

ते आले ते वाढदिवसाचं बोलतच आले. मुलाने पट्टी बघितली आणि घाबरला. "आई, बोटाला काय झालं? पडलीस का?" मी शाईचं सांगितलं. सगळे इतके हसले की नातीने मराठीत म्हटलं, "आजी, परत सांग." मी परत सांगितलं. त्याने ती गोष्ट मोबाइलवरून साऱ्या मित्रांना कळवली. रात्री झोपताना पांघरूण नीट करायला आला, म्हणाला, "थंडी नाही ना बाधली?" मी म्हटलं नाही. दिवा बंद करून गेला.

दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग निकाल लागला आणि तो जेवताना म्हणाला, "आई, आपला चष्मेवाला आला बघ निवडून. तुझं मत कामी आलं." आणि आमटी मागितली. मी वाढली. तेव्हा मला कळलं की तो विसरलेला नाही. त्याला विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलेलं नाही. मामंजी निदान विचारायचे तरी. विचारायचे म्हणजे कुठेतरी शंका असायची, की ही आत जाऊन भलतंच करू शकते. तुमच्याबद्दल त्यांना जन्मभर ती शंका राहिली. मी पुठ्ठ्यामागून जे झाकून आणलं, ते बघायला इथे कुणी वाकलंच नाही.

तेच तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र. टाकायचं कुठे, तो प्रश्नच नाही. घडी घालून माझ्या पातळांत ठेवणार. कुणाला दिलं ते ह्यात घातलेलं नाही, कारण लिहिणारीला कळेल. कुकरच्या शिट्ट्या कधीच झाल्या, ही उठली नाही.

आता एवढंच राहिलं, आत्याबाई. एवढं भांडून गेले, पोराला तोडून बोलले, आणि तरी त्या आठवड्यात कुणी एकदा जरी विचारलं असतं, कुणाला दिलंस म्हणून, तर मी दुसऱ्यांदा विचारायची वाटसुद्धा बघितली नसती, लगेच सांगून टाकलं असतं. हे शेवटचं लिहू नकोस, असं मी हिला सांगते आहे. पेन मात्र चालूच आहे.